सात नंबरचा बिल्ला

ज्या माणसाने मला परवाना म्हणजे काय हे शिकवले, त्याच्याच ताब्यातला एक परवाना मी चोरून वापरला आणि त्याविषयी त्याच्याशी खोटे बोललो. वीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही. चोरी म्हणावी अशी ती वस्तू हातात धरण्याजोगी नव्हती. एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेला तो पंचवीस अक्षरे-आकड्यांचा क्रमांक होता. तो मी चिटोऱ्यावर उतरवून घेतला, चिटोरा खिशात घातला आणि डिलाईल रोडवरून चालत घरी आलो. खोके जागच्या जागी राहिले. कुणाचे काही नाहीसे झाले नाही, आणि बहुधा म्हणूनच मला इतकी वर्षे स्वतःची समजूत घालता आली.

त्यांना सगळे बिल्लेकाका म्हणत. गिरणीत ते आधी नऊ वर्षे साच्यांवर, म्हणजे मागांवर होते आणि त्यानंतर हजेरीच्या खिडकीत. साचेखात्याच्या खडखडाटाने त्यांचे कान निम्मे गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणे ओळखत, आणि आपला आवाज किती चढला आहे याची त्यांना स्वतःला कल्पना नसे. मी लहानपणापासून हळू बोलणारा. त्यामुळे पहिल्या भेटीपासून ते मला एकच वाक्य ऐकवत: "मोठ्यानं बोल रे. साच्यासमोर उभा आहेस असं समज."

संप झाला, मिटला असे कधी कोणी म्हटले नाही, आणि गिरणी मात्र बंद पडली. तिचे सामान भंगारात निघाले तेव्हा लोकांनी पंखे नेले, बाकडी नेली. बिल्लेकाकांनी हजेरीच्या फळ्याचा एक तुकडा खांद्यावर घालून आणला. त्यावर रांगेने खिळे, खिळ्यांखाली रंगवलेले आकडे आणि टांगलेले थोडे पितळी बिल्ले होते. कामगार आत शिरताना आपला बिल्ला खिडकीत देई, तो फळ्यावर लागे. फळा पाहिला की आत कोण आहे ते कळे. काकूंनी विचारले, हे लाकूड घरात कशाला? ते म्हणाले, लाकूड नाही, माणसं आहेत.

त्यांच्या कोकणातल्या गावाची डिलाईल रोडच्या एका चाळीत सामाईक खोली होती. गावाहून गिरणीत आलेले पुरुष वर्गणी काढून तिथे एकत्र राहत. फळीवर प्रत्येकाची पत्र्याची पेटी, भिंतीत प्रत्येकाची खुंटी. संपानंतर बहुतेक जण गावी परतले. पेट्या गेल्या, खुंट्या उरल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी गावमंडळाने ठरवले की या खोलीत मुलांसाठी संगणकाचा वर्ग काढायचा. एका कार्यालयाने वापरलेली सहा यंत्रे देणगी दिली आणि सातवे मंडळाने नवे जुळवून घेतले. चालक म्हणून बिल्लेकाकांची नेमणूक झाली, कारण साठी ओलांडल्यावर संगणक शिकण्याचा हट्ट धरणारा गावात तो एकच माणूस होता. मी दोन चाळी सोडून राहत असे. दिवसा एका कचेरीत कारकुनी करून संध्याकाळी त्यांच्या हाताखाली शिकवायला जाऊ लागलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळा भिंतीवर ठोकला. प्रत्येक यंत्राला एक बिल्ला. फळ्याखाली सात लिफाफे, आणि प्रत्येकात त्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा परवाना किंवा त्याची नोंद. 'लायसन' हा त्यांचा शब्द. त्या काळी गिरणगावात यंत्रावरच्या प्रणालीचा परवाना मागणारा माणूस म्हणजे एक करमणूक होती. रस्त्यावर नकली सीडी सहज मिळत, आणि सगळे त्याच लावत. बिल्लेकाका मात्र त्या इंग्रजी करारपत्रातली प्रत्येक ओळ शब्दकोश घेऊन वाचत. वाचून झाल्यावर त्यांनी त्याचा जो अर्थ मला सांगितला, तो आजवर कुठल्याही प्रशिक्षणात मी इतका स्वच्छ ऐकलेला नाही.

देणगीच्या सहा यंत्रांच्या पेटाऱ्यांवर परवान्याचे स्टिकर होते. ते परवाने यंत्राबरोबर आलेले. दुसऱ्या यंत्राला लावता येत नाहीत. "हे कायमवाले," ते म्हणाले. "साच्याशी बांधलेले. साचा गेला की हेपण गेले." सातव्या यंत्राचा परवाना खोक्यात वेगळा विकत घेतलेला होता, तो एका यंत्रावरून उतरवून दुसऱ्यावर चढवता येई. "हा बदली कामगारासारखा, बदलीवाला. कुठल्याही साच्यावर उभा राहील. पण एका वेळी एकाच."

एकदा चार नंबरच्या यंत्राचा मुख्य बोर्ड जळाला. मंडळाच्या अध्यक्षांनी सुचवले की स्टिकर सोलून दुसऱ्या पेटाऱ्याला चिकटवा, कोण बघतो? बिल्लेकाका म्हणाले, मी बघतो. चार नंबरचा बिल्ला उतरवून त्यांनी लिफाफ्यात ठेवला आणि तो खिळा मोकळा सोडला. पुढे त्या कार्यालयाने आणखी एक यंत्र दिले, त्याला आठवा बिल्ला मिळाला. नवीन येणारा प्रत्येक जण विचारी, तीननंतर एकदम पाच कसे? काका चार नंबरची हकिगत सांगत आणि विचारणारा गोंधळून बाहेर पडे.

खरी गंमत आवृत्त्यांची होती. प्रणाली दोन रूपांत मिळे, एक घरासाठी आणि एक कामासाठी. सातव्या यंत्राकरिता कोणती घ्यायची यावर त्यांनी अकरा दिवस घालवले. कारण त्या खोलीला नेमके काय म्हणावे हेच ठरेना. दिवसा वर्ग भरे. वर्ग सुटला की गावाकडचे तीन वृद्ध, जे कधी परतलेच नाहीत, टेबलांखाली वळकट्या सोडत. शेवटी त्यांनी निकाल दिला: सहा यंत्रे कामाची, सातवे घराचे. सातव्यावर घरगुती आवृत्ती आली. संध्याकाळी आठ वाजता ते सहा यंत्रांवर धुतलेली पांढरी फडकी टाकत, आणि सातवे त्या तिघा म्हाताऱ्यांना पत्ते खेळायला मोकळे करून देत. कामाच्या यंत्रावर पत्ते खेळलेले त्यांना चालत नसे. घराच्या यंत्रावर कोणी अर्ज टंकलिखित करायला बसला, तर त्याला उठवून एक नंबरवर बसवत.

ही कीर्ती पसरली आणि संगणक घेण्याआधी लोक त्यांचा सल्ला मागू लागले. ते दुकानात बसून सल्ला देत नसत. घर बघायला जात. काळाचौकीला ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंच्या मुलाला कामाची मोठी आवृत्ती हवी होती, कारण ती मोठी होती. काकांनी तासभर त्या खोलीत बसून पाहिले, आणि नंतर एकेक प्रश्न विचारला. यंत्रावर कोण कोण बसणार? एकाचे दुसऱ्याने पाहिले तर चालेल का? कुठल्या कार्यालयाच्या जाळ्याला जोडायचे आहे का? यंत्र मेले तर परवान्याचे काय करणार? शेवटी म्हणाले, घरात धंदा चालतो म्हणून घराचा कारखाना होत नाही, तुम्ही घरचीच घ्या.

वरळी कोळीवाड्यातल्या एका मासळीवाल्या मावशींकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मावशी दारातच मासे निवडत बसल्या होत्या. काका खोल्या मोजू लागले, तसा त्यांनी कोयता खाली ठेवला.

"काय रे म्हाताऱ्या, कंप्यूटर बघायला आलास का मुलगी?"

"कंप्यूटरच. हिशेब कोण लिहितं?"

"भाचा लिवतो. धक्क्यावर हापिस हाय त्याचं. मी हितनं बोलते, तो तितं लिवतो."

काकांनी ओठांवरून हे सगळे टिपले आणि माझ्याकडे वळून सांगितले की हिला कामाची लागेल. घरच्या आवृत्तीला कार्यालयाच्या जाळ्यात शिरता येत नाही, आणि ही बाई घरात बसून धक्क्यावरचे ऑफिस चालवते. मावशी इतक्या खूश झाल्या की आम्हाला बोंबील बांधून दिले. परतताना काका म्हणाले, घर कुठलं आणि काम कुठलं हे भिंती बघून कळत नाही.

परवान्याच्या कामात एकच गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, ती म्हणजे टेलिफोन. प्रणाली यंत्रावर चढवली की महिन्याच्या आत ती चालू झाल्याची नोंद कंपनीकडे करावी लागे. आमच्याकडे इंटरनेट नव्हते, म्हणून काकांनी पडद्यावरून कागदावर उतरवलेले लांबलचक आकडे फोनवर वाचून दाखवायचे आणि पलीकडून आलेले आकडे लिहून आणून यंत्रात भरायचे. काकांना फोनवर ऐकू येत नसे, कारण फोनला ओठ नसतात. ते काम माझे. मी बूथवरून येऊन, आकडे भरून "झालं" म्हटले की ते नोंदवहीत लिहीत: चालू, परवाना ठीक. आणि बिल्ला खिळ्यावर लावत.

त्यांचे कान झालो होतो मी, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

त्याच वर्षी मी घरी एक जुने यंत्र आणले. मला चांगल्या नोकरीसाठी सराव हवा होता. वडील गिरणी गेल्यापासून घरी बसले होते आणि माझे लग्न नुकतेच झाले होते. नकली सीडी लावायला मन धजेना, इतका मी काकांच्या शिकवणीत मुरलो होतो. मला खरा परवाना हवा होता, आणि खरा परवाना हवा म्हणून मी तो चोरला. सातव्याच्या खोक्यावरून अक्षरे उतरवली, बूथवरून फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारले, ही प्रत किती संगणकांवर आहे? मी म्हणालो, एकाच. आधीचे यंत्र मोडले. आवाज नेहमीसारखाच हळू होता. त्यांनी आकडे दिले.

माझी समजूत अशी होती की सातव्याला कोणी हात लावणार नाही. पण पुढे काही महिन्यांनी सातव्याची डिस्क गेली. काकांनी नवी घालून प्रणाली पुन्हा चढवली आणि मला फोन करायला पाठवले. या वेळी पलीकडून नकार आला. हा परवाना अलीकडेच दुसऱ्या यंत्रावर गेला आहे, दोन्हीकडे चालणार नाही. मी खोलीवर परतलो. सातव्यासमोर बसून आकडे भरल्यासारखे केले. काकांनी माझ्या ओठांकडे पाहिले.

मी म्हणालो, "झालं."

त्यांनी वहीत लिहिले आणि सातवा बिल्ला लावला. बिल्ला लावून होताच त्यांना काय आठवले कोण जाणे, ते मला गिरणीतली एक गोष्ट सांगू लागले. ती त्यांनी पूर्वी कधी सांगितली नव्हती. खिडकीत बसत असताना एका मित्राला उशीर होणार होता. त्याची हजेरी बुडू नये म्हणून त्यांनी त्याचा बिल्ला आधीच फळ्यावर लावला. मित्र आलाच नाही. त्या दिवशी कापसाच्या गोदामाला आग लागली. सगळी माणसे बाहेर काढली, बिल्ले मोजले, तर एक माणूस कमी. त्याला शोधायला एक मुकादम पुन्हा आत गेला. त्याचे दोन्ही हात भाजले. ज्याला शोधत होते तो परळला आपल्या घरी जेवत होता.

"खोटा बिल्ला असला की माणसं नसलेल्या माणसाला शोधत बसतात," ते म्हणाले. "तेव्हापासून बघितल्याशिवाय बिल्ला लावला नाही मी."

त्या क्षणी तोंड उघडायला हवे होते. फार तर चार शब्द लागले असते. मी फडक्यांच्या घड्या करू लागलो.

मंडळाने त्या सुमारास सरकारमान्य अभ्यासक्रमाचे केंद्र मिळावे म्हणून अर्ज केला होता. ते मिळाले असते तर मुलांना तिथेच परीक्षा देता आली असती, प्रमाणपत्रे मिळाली असती. तपासनीस आले. शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सहा यंत्रे तपासली, लिफाफे पाहिले, फळा पाहून हसले आणि म्हणाले, इतकी चोख व्यवस्था मी पाहिली नाही. सही करायला त्यांनी पेनही काढले होते.

"सातवं राहिलं," बिल्लेकाका म्हणाले.

ते तुमच्या अर्जात नाही, तपासनीसांनी सांगितले. घरगुती आहे ना ते? मीही घाईने म्हणालो की ते वर्गाचे नव्हेच. पण काकांना माझे हळू बोलणे ऐकू गेले नाही, किंवा गेले असले तरी पटले नाही. खोलीत आहे तर दाखवायला पाहिजे, असे म्हणून त्यांनी स्वतः बटण दाबले. महिना आदल्याच रात्री पुरा झाला होता; तोवरच्या इंग्रजी सूचना पत्ते खेळणारे म्हातारे न वाचताच मिटवत. पडद्यावर सूचना आली: या प्रतीची नोंद झालेली नाही, त्याशिवाय आत जाता येणार नाही.

तपासनीसांनी नोंदवही पाहिली. 'चालू, परवाना ठीक.' खाली काकांची सही. त्यांनी पेन खिशात ठेवले. एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या सहांवर कसा विश्वास ठेवायचा, असे ते जवळजवळ दिलगिरीच्या सुरात म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "फोन केला होतास ना रे?" मी मान हलवली. हो. ते वळले आणि तपासनीसांना म्हणाले, "मग आकडे माझ्याच हातून चुकले असणार. नोंद माझ्या हातची आहे. पोराचा काय संबंध नाही."

केंद्र मिळाले नाही. गावमंडळाची बैठक त्याच खोलीत झाली. अध्यक्ष मालवणीत म्हणाले, "म्हातारो दमलो आता. तेका इसावो देऊया." कोणी विरोध केला नाही. वर्ग माझ्याकडे सोपवण्यात आला. बिल्लेकाकांनी फळा भिंतीवरून उतरवला, मला विचारले, नेऊ का? आणि खांद्यावर घालून घरी नेला. त्याच संध्याकाळी मी घरच्या यंत्रावरून ती प्रणाली काढून टाकली. त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

वर्षभरात मला हवी होती ती नोकरी लागली आणि वर्ग बंद पडला. आज मी एका मोठ्या कंपनीत परवान्यांचेच काम पाहतो: कोणत्या विभागाला कोणती आवृत्ती, किती यंत्रे, किती परवाने. आमची इमारत एका गिरणीच्या जागेवर उभी आहे. नव्या लोकांना शिकवताना मी कायमवाले आणि बदलीवाले यांचे उदाहरण देतो. सगळ्यांना ते आवडते. एकदा त्यासाठी माझा सत्कारही झाला. हे कोणाचे, असे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. चाळ रिकामी व्हायची आहे, सगळ्या मजल्याने नव्या जागेच्या करारावर सह्या केल्या, हे करत नाहीत. तू ये, तुझं ऐकतील.

मी गेलो. ते खिडकीशी बसले होते, फार बारीक झाले होते. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. येणाऱ्यांसाठी बाजूला एक पाटी आणि खडू असतो. काय ते लिहून दाखवायचे. भिंतीवर तो फळा होता. सहा बिल्ले आपापल्या खिळ्यांवर होते. सातवा होता, पण पालथा, आकडा भिंतीकडे.

काकू चहा टाकता टाकता सांगू लागल्या. वर्ग हातचा गेल्यापासून यांनी कुठे आकडा लिहिला नाही. दाराला कडी घालतात आणि मला बघायला लावतात. पोस्टातला फॉर्म शेजारच्या मुलाकडून भरून घेतात, मग दुसऱ्याला वाचायला देतात. करारावर खोलीचा नंबर लिहून खाली सही करायची आहे, तर म्हणतात, माझ्या हातची नोंद धरू नका, चुकीची निघते.

इतकी वर्षे मी असे धरून चाललो होतो की मी त्यांच्याकडून वर्ग हिरावून घेतला. घेतले होते ते दुसरेच.

मी आल्याचे पाहून ते हसले आणि त्यांनी आधी बिल्ल्याकडेच बोट दाखवले. "सातचं काय चुकलं ते मला अजून सापडलं नाही," ते म्हणाले. "किती वेळा आठवून बघितलं. तू आकडे बरोबर वाचलेस, पडद्यावरून उतरवून दिले ते मी. कुठंतरी एक आकडा इकडचा तिकडे झाला माझ्याकडून."

मी पाटी घेतली, खडू उचलला. 'काका' एवढे लिहिले. पुढचे लिहिणे सोपे होते. काकू स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. कोणाला काही कळले नसते. त्यांनी वाचले असते, मी हाताने पुसून टाकले असते. काहीच हलले नसते.

मी खडू खाली ठेवला. ते नजरेने माझे ओठ शोधू लागले. मी बोललो, पण मलाच ते नीट ऐकू आले नाही.

त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल रे. साच्यासमोर उभा आहेस असं समज."

दार उघडे होते. बाहेर गॅलरीत शेजारच्या बायका लसूण सोलत बसल्या होत्या, कोणाचा तरी रेडिओ चालू होता. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला. काकू हातात गाळणी घेऊन वळल्या, गॅलरीतले बोलणे थांबले, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "तुमचा एकही आकडा चुकला नव्हता, काका. सातचं लायसन मी माझ्या घरी लावलं होतं. फोन झाला नव्हता, मी झालं म्हणून सांगितलं. तुमची नोंद बरोबर होती, मी खोटा होतो. मला माफ करा."